काटा अर्ध्यावर, बाकी सर्व क्षेम

एडिसन, न्यू जर्सी
रविवार दुपार

ती. आई-बाबांस,


फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणेल. त्याचं असं आहे की फोनवर मी "गाडीचा काटा" एवढं म्हणेपर्यंत बाबांचा सल्ला सुरू होतो आणि तो संपेपर्यंत तुमची झोपायची वेळ होते. पत्रात माझं बोलणं मध्येच कुणी तोडू शकत नाही.

तर आमच्या जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा अर्ध्यावर ठाण मांडून बसला. टाकी भरा, अर्धा. दोनशे मैल पळवा, तरी अर्धाच. उजवीकडे जोरात वळलं की क्षणभर फुलवर जाऊन यायचा, तेवढीच त्याची हालचाल. शेजारी अजून किती मैल जाता येईल तो आकडाही दिसतो, पण तोही काट्याच्याच माहितीवर काढलेला. म्हणजे साक्षीदार आरोपीच्या घरातलाच! पेट्रोल संपत आलं की लागणारा पिवळा दिवाही त्याच घरातला. तोही तोंड उघडेना.

मेकॅनिकने सगळं समजावून सांगितलं. टाकीत एक फ्लोट तरंगत असतो. त्याला दांडी, आणि दांडीचं टोक एका पट्टीवर घासत वरखाली सरकतं. पेट्रोल उतरलं की फ्लोट उतरतो, पट्टीवरची जागा बदलते, तसा विजेला होणारा अडथळा बदलतो आणि काटा हलतो. आमची पट्टी झिजलेली, दांडी मध्येच अडकलेली. मला वाटलं, दहा-वीस डॉलरचं काम असेल. पण ती दांडी सुटी मिळत नाही म्हणे. टाकीतल्या फ्युएल पंपासकट अख्खा जोडच बदलावा लागतो. आठशे डॉलर. आईने याचे रुपये करत बसू नये.

तुमचे जावई म्हणाले, "गाडी तर चालतेय ना? काटाच बिघडलाय." आणि मग घरातल्या प्रत्येकाने आपापला काटा बाहेर काढला. जावयांचा काटा जन्मजात आशावादी. "अर्धी नसली तरी पाव टाकी असेलच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझा काटा कायम शून्यावर. गल्लीच्या टोकाला भाजी आणायला निघाले तरी घरी चालत यायच्या तयारीने बूट घालून बसायची. तुमच्या नातीने एक्सेलमध्ये तक्ता मांडला आणि बापाकडे रोजच्या रोज पावत्या मागू लागली. सध्या सासूबाई इथेच आहेत. त्या म्हणाल्या, "रोज थोडं थोडं घालत जा की रे, म्हणजे संपायचा प्रश्नच नाही." हा तोडगा त्यांच्या चिरंजीवांना फारच पटला.

इथे एक पेच आहे. न्यू जर्सीत आपल्या हाताने पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे, 1949 पासून. बाकी राज्यांत लोक स्वतः उतरून भरतात. सगळ्यांना सरसकट मनाई असलेलं हे आता एकच राज्य उरलंय. त्यामुळे जे काय व्हायचं ते पंपावरच्या माणसासमोर. आमच्या पंपावर एक पंजाबी काका असतात. जावई रोज संध्याकाळी काच खाली करून म्हणायचे, "पाच डॉलरचं." पहिल्यांदा काकांना आमची दया आली. पुढे पुढे ते काळजीने विचारू लागले, "साहब, नौकरी तो ठीक है ना?" आणि एकदा नळी लावताक्षणी खट्‌कन बंद पडली तेव्हा ते वैतागून म्हणाले, "टंकी फुल है जी, कहाँ डालूँ?"

गणपतीला मेरीलँडला जायचं होतं, तेव्हा तर कहरच झाला. इथल्या टर्नपाइक महामार्गावर ठरावीक अंतराने थांबे आहेत, पंपासकट, आणि त्यांना थोरामोठ्यांची नावं. जावयांनी ठरवलं, एकही थांबा चुकवायचा नाही. मॉली पिचर नावाच्या बाईंनी 1778 च्या लढाईत तहानलेल्या सैनिकांना पाणी पाजलं अशी आख्यायिका आहे. त्यांच्या नावाच्या थांब्यावर आम्ही गाडीला पाच डॉलरचं पाजलं. पुढे कवी वॉल्ट व्हिटमन आले, तिथे पाच डॉलर. मग अमेरिकन रेड क्रॉस काढणाऱ्या क्लारा बार्टन, तिथेही पाच. नातू म्हणाला, "अमेरिकेचा सगळा इतिहास पाच-पाच डॉलरने होणार का?" पोचलो तेव्हा आरती होऊन प्रसादही वाटून झाला होता.

त्या रात्री बाबांचा फोन आला, आठवतंय ना? "अरे, आमच्या चेतकला काटा होता कुठे?" खरंच. गाडी रिझर्व्हला लागली की सीटखालची कळ फिरवायची, त्यावरही बंद पडली की स्कूटर आडवी करून दोन मैल काढायचे, आणि खंबाटकी उतरताना न्यूट्रल. लाल डायरीत प्रत्येक वेळी किलोमीटर आणि लिटर. बाबा म्हणाले तसं जावयांनी टाकी पुरती भरून ट्रिप मीटर शून्यावर आणला. टाकी 14 गॅलनची, गाडी गॅलनला 28 मैल जाते, म्हणजे 392. बाबांच्या हुकमाप्रमाणे शंभर मैल रिझर्व्हला सोडले. 290 झाले की भरायचंच. बाबांनी लगेच लिटर-किलोमीटरमध्ये हिशेब करून "बाराचं ॲव्हरेज? चेतक चाळीस देत होती!" असं सुनावलं, ते जावयांना अजून लागून राहिलंय. पण त्यांनी डायरी सुरू केली. ज्या माणसाने लग्नापासून दुधाचा हिशेब ठेवला नाही, तो आता पंपावर उभा राहून दशांश लिहितो.

नात मात्र डॅशबोर्डवरच्या एकाच गोष्टीवर विश्वास ठेवते. पंपाच्या चित्राशेजारी एक इवलासा बाण असतो, टाकीचं झाकण कोणत्या बाजूला आहे ते दाखवणारा. फोर्डमधले जिम मॉयलन नावाचे गृहस्थ पावसात चुकीच्या बाजूने पंपाला गाडी लावून भिजले, आणि 1986 मध्ये त्यांनी कंपनीला ही कल्पना लिहून कळवली. "काटा खोटा, आकडा खोटा, बाण तेवढा खरा," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते.

शेवटी आठशे डॉलर मोजलेच. मेकॅनिक म्हणाला की पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलमुळेच थंड राहतो. टाकी वरचेवर तळाला गेली तर तोही जाईल. एवढं ऐकल्यावर आशावादी काटासुद्धा खाली आला.

आता काटा अगदी बरोबर दाखवतो, आणि त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. काल तो पावावर आला होता. मी म्हटलं, "अहो, भरायला हवं." जावई डायरी चाळत म्हणाले, "असं त्याचं म्हणणं आहे. आपले अजून साठ मैल बाकी आहेत." मागून नातीने तक्ता बघून त्रेसष्ट सांगितले. सासूबाईंनी पाच डॉलर पुढे केले.

मे महिन्यात याल तेव्हा बाबांनी डायरी बरोबर आणावी. जावयांना ती नजरेखालून घालायची आहे. मात्र पेट्रोल किती उरलंय ते बघायला बाबांनी टाकी ठोकू नये. ती प्लास्टिकची आहे, मागच्या सीटखाली आहे, आणि त्या सीटवर आई बसणार आहे.

तुमची लेक