जावयाची डबी

अहो, ऐकलंत का? जरा इकडे कुंपणाशी या. मोठ्यानं नाही बोलता यायचं, हे पेपर घेऊन ओसरीवर बसलेत, आणि पेपरच्या आडून यांना सगळं ऐकू येतं. पाटलीणबाईंच्या पुण्याच्या जावयाचं म्हणते मी. पटाचं लाईव्ह! तुम्ही नेमक्या तेव्हा ब्रह्मपुरीला बहिणीकडे. वरवरचं कानावर आलं असेलच, पण आतलं… थांबा, हे दूध उतू जाईल, बघून येते.

हं. तर काय सांगत होते? आपल्या शंकरपटाचं, बैलजोड्यांच्या शर्यतीचं, तुम्हाला काय सांगायचं! २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बंद केला तेव्हा पाटील रात्री जेवले नव्हते म्हणतात. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी आली, मे २०२३ मध्ये घटनापीठानंही हो म्हटलं, त्या दिवशी त्यांच्याकडे पेढे वाटले. आपल्या घरापर्यंत नाही पोचले ते, पण जाऊ द्या. पट आला की रात्रीचं नाटक आलं, नाटक आलं की घरोघरी पाहुणे आले, आणि पाहुणे आले की सोयरिकीच्या गोष्टी आल्याच. आपल्या झाडीपट्टीत हे असंच चालत आलंय.

तर कमिटीची बैठक भरली शाळेत. विषय काय, तर गावची पोरं कोणी पुण्यात, कोणी हैदराबादेत, कोणी सुरतेला, त्यांना घरबसल्या पट दिसला पाहिजे. मागच्या खेपेला काठीला मोबाईल बांधून केलं होतं लाईव्ह. फायनलच्या जोड्या सुटल्या आणि नेमका त्या मोबाईलवर कोणाच्या तरी सासूचा फोन आला! बंद पडलं सगळं. यंदा सरपंच उठून म्हणाले, "तिकडे ताडोब्याच्या सीतारामपेठेत वाघासाठी एआयचे कॅमेरे लागले, वाघ वेशीवर आला का लोकायच्या मोबाईलवर कळते. वाघाचं दिसते, मग आपल्या बैलायचं काऊन नाही?" टाळ्या! आणि त्या टाळ्यांतच पाटलीणबाई पदर सावरत म्हणाल्या, "आमचे जावई क्लाऊडमध्येच असतात." माझ्या शेजारच्या म्हातारीनं मला कोपरानं ढोसलं, "कुठी आलं व माय ते गाव?"

जावई आले. गॉगल, पाठीवर बॅग, आणि बॅगेतून निघाली एक डबी, तळहातावर मावेल एवढी. एन्कोडर. पाटलीणबाईंनी तिला हळदीकुंकू वाहिलं, खोटं नाही सांगत. मी तिथंच होते, कमिटीचा चहा आपल्याकडून जातो ना. जावई सगळ्यांना समजावून सांगत होते. मोबाईलला छप्पन्न कामं असतात, हिला एकच. कॅमेऱ्याची एचडीएमआयची वायर एका बाजूनं आत, नेटची दुसऱ्या बाजूनं बाहेर. मधे एक चिप, ती चित्र दाबून बारीक करते, एच २६४ की काय म्हणतात त्याला. मग ते जायचं मुंबईच्या डेटा सेंटरात, तिथं म्हणे भाड्यानं गेटवे घेतलाय. आपण इथून एकदाच पाठवायचं आणि वाटप तिथून व्हायचं, एक यूट्यूबला, एक फेसबुकला, एक तालुक्याच्या केबलवाल्याला. ऐकायला बरं वाटलं हो. माणूस हुशार आहे, मी नाही म्हणत नाही.

पण ती डबी काही लागेना!

पटाच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. मंडपात जावई लॅपटॉप घेऊन बसलेले, भोवती अर्धं गाव. स्क्रीनवर आपलं 'कनेक्टिंग… कनेक्टिंग…' आणि ते चाक फिरतंय. जावई म्हणाले, नेटवर्क खराब आहे. सिम बदललं, दुसऱ्या कंपनीचं घातलं. चाक फिरतंच आहे. डबी बंद करून चालू केली. मग म्हणाले, गावाकडे असंच असतं. हे मात्र सरपंचांना लागलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, प्यायलेच नाहीत. पाटील उगीच मिशीवरून हात फिरवत राहिले, आणि पाटलीणबाईंचा चेहरा… त्याचं पुढं सांगते, त्या चेहऱ्याची खरी गंमत पुढंच आहे.

तेवढ्यात आली फोटो स्टुडिओवाल्याची थोरली. तीच हो, बापाला अर्धांगवायू झाल्यापासून दुकान सांभाळते ती. लॉकडाऊनमध्ये जास्त पाहुण्यांना यायची बंदी होती तेव्हा आपल्या भागातली कितीतरी लग्नं तिनं लाईव्ह दाखवली. तेव्हा काय काय बोलले लोक तिच्याबद्दल, रात्री-बेरात्री कॅमेरा घेऊन फिरते म्हणून. मी नाही हो, मधल्या आळीतल्या. तर ती आली, दोन मिनिटं मागं उभी राहिली, आणि हळूच म्हणाली, "भाऊजी, तुमी डबी लिसनरवर ठेवली, आन् गेटवेबी लिसनरवरच आहे."

जावई गप्प. मी विचारलं, "म्हणजे काय गं?" तर म्हणाली, "काकू, दोन्ही व्याही घरी फोन समोर ठेवून बसले, आधी त्यानं करावा म्हणून. मग लग्न जमन का?" अहो, मंडप हसला! एकानं लावायचा असतो, दुसऱ्यानं उचलायचा. आणि लावायचा तो डबीनंच, गेटवेनं नाही. का, तर सिमच्या नेटला स्वतःचा असा पत्ता नसतो म्हणे, कंपनी शेकडो गिऱ्हाइकांना मिळून एकच पत्ता देते, त्यामुळे बाहेरून कोणी आपल्याला गाठूच शकत नाही. तिनं डबी कॉलर केली, पोर्टचा नंबर तपासला. एसआरटी म्हणतात या पद्धतीला. कॅनडातल्या एका कंपनीनं काढली आणि २०१७ ला सगळ्यांना फुकट वापरायला मोकळी केली. बघा, काही लोक पेढेसुद्धा… नको, जाऊ द्या.

मग पासवर्डचं! हे तर तुम्हाला सांगायलाच हवं. जावयांनी घातलेला पासवर्ड ती डबी घेईचना. पोरगी म्हणाली, कमीत कमी १० अक्षरं लागतात, जास्तीत जास्त ७९. जावयांनी पाचच अक्षरांचं नाव घातलं होतं. कोणाचं नाव, विचारा. बायकोचं लाडाचं नाव आहे म्हणाले. आता पाटलांच्या पोरीला आपण लहानपणापासून ओळखतो, तिला या नावानं कोणी हाक मारलेली मी तरी ऐकली नाही… पण मी कशाला बोलू. पोरीनं तिथल्या तिथं इंग्रजीत 'झाडीपट्टी' टाईप केलं, बरोबर १० अक्षरं भरली. हे कोणाला बोलू नका बरं का. मीही कुठं बोलले नाही. फक्त पाटलीणबाईंच्या जावेला, आणि चक्कीवर दळण होईपर्यंत उभं राहावं लागलं तेव्हा थोडंसं.

लागलं एकदाचं. हिरवा दिवा आला! पण चित्र कसं, तर बैलाच्या जागी नुसते चौकोन. जावयांनी ८ एमबीपीएस लावलं होतं, पुण्याच्या हिशोबानं. पोरीनं मोबाईलवर स्पीड पाहिली आणि म्हणाली, "तुमी डाउनलोडचा आकडा पाहून राहिले. आपल्याले चढवायचं आहे, अपलोड पाहा." तो होता जेमतेम ५. मग तिनं १०८० चं ७२० केलं, अडीच एमबीपीएसवर आणलं, म्हणजे अपलोडच्या निम्मंच; निम्मं मोकळं ठेवावं म्हणते, वाईट वेळेसाठी. आणि लेटन्सी म्हणून काहीतरी असतं, ते मुळात १२० मिलिसेकंद होतं, ते दोन हजार केलं. वाटेत चित्राचा एखादा तुकडा हरवला तर गेटवे तो परत मागवतो, आणि परत यायला सवड नको का? आपल्या जंगलातून टॉवर गाठायचा म्हणजे सवड जास्तच लागणार. जावई वहीत लिहून घेत होते. हे मात्र मला आवडलं त्यांचं. दुसरा एखादा तणतणत निघून गेला असता.

आता पाटलीणबाईंच्या चेहऱ्याकडे येते. जरा जवळ या.

डबी लागली, चित्र नितळ झालं, आणि पाटलीणबाईंच्या जिवात जीव आला. त्या कॅमेऱ्याशेजारीच खुर्ची टाकून बसल्या, विहीणबाईंशी बोलत. विषय कोणता, तर पुतणीला पाहायला मूल गावाहून आलेलं स्थळ. अहो, तेच पाहुणे मंडपाच्या दुसऱ्या टोकाला चिवडा खात बसलेले! पाटलीणबाई म्हणतात, "पोरगा उंचीनं कमीच आहे जी, पण सात एकर ओलिताची आहे. नाहीतर त्या तोंडाकडे कोण पाहते?" विहीणबाई खुदकन हसल्या. आणि कॅमेऱ्याचा माईक चालूच! एचडीएमआयच्या एकाच वायरीतून चित्रही जातं आणि आवाजही जातो, हे जावयांना माहीत होतं, सासूबाईंना कोण सांगणार? जावयांना वाटलं, टेस्टिंग आहे, कोण बघतंय. पण गेटवेतून यूट्यूबकडे जाणारं आधीच सुरू करून ठेवलेलं, तेही सगळ्यांना दिसेल असं. आणि लिंक तर कमिटीनं दुपारीच गावाच्या ग्रुपवर टाकलेली.

मुलाचा थोरला भाऊ हैदराबादेत. त्यानं ऐकलं. लगेच बापाला फोन! आणि बापाला ऐकू कमी येतं म्हणून त्यांनी काय केलं असेल? स्पीकरवर टाकला! "बाबा, ते बाई म्हणते आपल्या बाळ्याच्या तोंडाकडे कोण पाहते." भर मंडपात. चिवड्याचा घास त्यांच्या हातातच राहिला. पाटलीणबाईंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल, मग त्या उठून आत गेल्या त्या रात्री जेवणावळीलाच दिसल्या. विहीणबाईंनी लगेच हात झटकले, "मी तं काहीच नाही बोलली जी." हसल्या त्या तर सगळ्या यूट्यूबनं ऐकलं होतं!

पण खरी बहाद्दर ती पुतणी. सरळ पाहुण्यांसमोर गेली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "मी तोंडाकडेच पाहिलं. मले पसंत आहे." आता बोला! मुलाचे कान लाल झालेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. पुढचं अजून ठरायचंय, बैठक व्हायची आहे, पण लुगड्याचा विचार करून ठेवा.

तर काय सांगत होते… हां, पट. पटाच्या दिवशी मैदानात एवढी माणसं, आणि एकूण एक हातात मोबाईल, की सकाळी दहालाच सिमचं नेट आडवं झालं. पोरीला हे आधीच ठाऊक होतं. तिनं रात्रीच शाळेतल्या फायबरच्या डब्यापासून मैदानापर्यंत लॅनची वायर ओढून ठेवलेली. ती म्हणे १०० मीटरपर्यंत चालते. एचडीएमआयची इतकी लांब नेता येत नाही, चित्र तुटतं. म्हणून डबी कॅमेऱ्याजवळ आणि लांबची वायर नेटची. दुपारी लाईट गेली. आपल्याच जिल्ह्यात, चंद्रपूरला, २९२० मेगावॅटचं वीज केंद्र, आणि ऐन पटात लाईट जाते! आमचा इन्व्हर्टर नेला. अजून आलेला नाही तो, कोणाकडे मागायचा हेच कळेना.

मी घरीच होते, पुऱ्या कोण लाटणार? मोबाईल ओट्यावर लावला होता. पण एक विचित्र प्रकार बघा. मैदानावरचा भोंगा ओरडला, अमक्याची जोडी आली पहिली, आणि मोबाईलवर धुरकरी अजून कासरा आवळतोय! पोरगी म्हणाली, डबी ते मुंबई दोन-तीन सेकंदच लागतात, बाकी उशीर यूट्यूब लावतो, अर्धा मिनिट कधीकधी. मग मी काय केलं, आमच्या यांना म्हटलं, "पैज लावता? ही पांढरी जोडी जिंकते." तीनदा जिंकले मी. यांना अजून कळलेलं नाही. श्श, हळू!

रात्री नाटकाला मात्र कॅमेरा झाकला. वडशाच्या कंपनीचा मॅनेजर आल्या आल्या म्हणाला, लाईव्ह असेल तर पडदा उघडणार नाही. काही जणांना राग आला, पण मी म्हणते बरोबर आहे त्याचं. दिवाळी ते होळी एवढाच त्यांचा हंगाम, रात्री दहाला उभं राहायचं ते उजाडेपर्यंत, आणि पोट कशावर, तर तिकिटावर. फुकट मोबाईलवर दिसलं तर थंडीत शाल पांघरून कोण येणार? २०२३ ला झाडीपट्टी नाटकातल्या डॉ. परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, तेव्हा तिकीट काढायला का कुरकुरायचं? शेवटी नुसती नांदी दाखवायचं ठरलं. मॅनेजर स्वतः डबीजवळ उभा राहिला, बंद होईपर्यंत हलला नाही.

बंद झालं, असं सगळ्यांना वाटलं. डबी बंद झाली हो, पण गेटवे? त्याचं भाडं तासावर चालतं, आणि बाहेर जितका डेटा जाईल त्याचे पैसे वेगळे. जावई दमलेले, गाडी पकडून पुण्याला गेले, आणि मुंबईतला तो गेटवे रिकामाच चालू, कोणी फोन करतं का म्हणून वाट बघत. बिल आलंय म्हणे. डॉलरमध्ये! कमिटी म्हणते जावयानं भरावं, पाटील म्हणतात पटाच्या वर्गणीतून द्या, आणि सरपंच… ते परवापासून तालुक्याला कामात आहेत. पाटलीणबाई काल देवळात भेटल्या, मी नुसतं "जावई बरे आहेत ना?" विचारलं, तर अशी मान फिरवली!

पुढच्या वर्षी सगळं स्टुडिओवालीकडे द्यायचं ठरलंय, पैसे देऊन. तिनं पहिली अट काय घातली माहितीये? पासवर्ड बदलायचा. म्हणाली, हा आता चक्कीवाल्यालाही पाठ आहे. कोणी सांगितला असेल बाई, लोकांच्या तोंडाला काही झाकण आहे की नाही? उद्या बदलणार आहे नवीन. चहा घेऊन जाईनच मी तिकडे. कळला की सांगते.