गळवाले सर

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. पूर्णा, कयाधू आणि पैनगंगा या नद्या, औंढा तालुक्यातले सिद्धेश्वर धरण, त्याच्या वरच्या अंगाला परभणीच्या हद्दीतले येलदरी आणि यवतमाळच्या शिवेवरचे इसापूर, एवढ्या भांडवलावर इथली मासेमारी चालते. धरणात बोटुकली सोडायची, रोहू, कटला, मृगळ मोठे झाले की जाळी टाकायची, हा भोई समाजाचा आणि त्यांच्या सहकारी संस्थांचा व्यवसाय आहे. त्यांच्याविषयी इथे फारसे लिहायचे नाही. ती कामाची माणसे आहेत. लिहायचे आहे ते गळवाल्या सरांविषयी. हे कुणी एक गृहस्थ नव्हेत. हिंगोलीत, वसमतला, कळमनुरीत, सेनगावला असे एकदोन सर असतातच. नोकरी बहुधा झेडपीच्या शाळेत, नाहीतर तहसिलीत. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, मोटरसायकलला आडवी बांधलेली काठी, हँडलला गांडुळांचा डबा आणि कॅरिअरवर रेनकोटाची घडी. सर मासे धरायला जातात आणि त्यासाठी रेनकोट सांभाळतात, असे गाव समजते. माझ्या मते हा हिशेब उलटा मांडलेला आहे. सर रेनकोट सांभाळतात आणि तो नीट सांभाळला गेला की नाही हे बघायला मासे धरायला जातात. शिवाय, लोक हसतात तेवढे हे हसण्यासारखे नाही, असेही मला म्हणायचे आहे.

पहिला पुरावा पंचांगाचा. रेनकोट लागतो आषाढापासून आश्विनापर्यंत, आणि नेमका तोच चातुर्मास. पाळणाऱ्या घरात आषाढी एकादशीला मासा उंबऱ्याबाहेर जातो तो कार्तिकीनंतर परत येतो; एवढे कडक नसलेल्या घरातही श्रावण सहसा पाळतात. त्यात संत नामदेवांचे नरसी याच जिल्ह्यातले. गळ्यात माळ असलेल्या माणसांची इथे वाण नाही, आणि माळेच्या घरात मासा बाराही महिने शिजत नाही. तेव्हा मासा खायला चालतो त्या दिवसांत आभाळ कोरडे असते, आणि आभाळ गळते त्या दिवसांत मासा चालत नाही. रेनकोट घालून मासे धरण्याला स्वयंपाकघराच्या बाजूने काहीच अर्थ उरत नाही. तरीही श्रावणातल्या रविवारी सर सिद्धेश्वरच्या काठावर टोपडे हनुवटीखाली घट्ट बांधून बसलेले असतात. चुकून एखादी मरळ लागलीच तर ती ज्याला चालते त्याला देऊन टाकतात, आणि हात पुसून आधी बगलेची शिवण चाचपतात. संध्याकाळी गल्लीत शिरताना कुणी विचारतो, ‘सर, आलं का काही?’ सर गंभीरपणे सांगतात, ‘डाव्या खांद्यातून आलं थोडं.’ प्रश्न माशांचा होता, उत्तर पाण्याचे आहे, आणि दोघांनाही त्यात वावगे काही वाटत नाही.

आता या वेडात तथ्य किती ते पाहू. हिंगोलीत वर्षाकाठी आठशे-नऊशे मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. उरलेले आठ महिने रेनकोट खुंटीवर, पत्र्याच्या खोलीत किंवा मोटरसायकलच्या डिक्कीत असतो. त्यामुळे या भागातल्या रेनकोटाला पाऊस मारत नाही, मे महिना मारतो. बाजारात मिळणारा जाड प्लास्टिकचा कोट पीव्हीसीचा असतो. मुळात टणक असलेले हे प्लास्टिक लवचीक राहावे म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य मिसळलेले असते. उन्हाने ते हळूहळू बाहेर पडते, कोट ताठ होतो आणि घडीवर चिरतो. पातळ नायलॉनच्या कोटाला आतून पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो. ओल आणि उष्णता एकत्र आली की त्या थराची रासायनिक मोडतोड सुरू होते. आधी तो चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे सुटतात. ओला कोट घडी घालून डिक्कीत कोंबणे म्हणजे या मोडतोडीची सगळी सोय आपल्या हाताने करून देणे. रेनकोटाचे उष्णतेशी वाकडे आहे ते अगदी जन्मापासून. चार्ल्स मॅकिंटॉशने 1823 साली दोन कापडांमध्ये रबराचा थर घालून जलरोधक कापडाचे पेटंट घेतले, पण ते कापड उन्हाळ्यात चिकट व्हायचे आणि थंडीत ताठ. 1839 साली चार्ल्स गुडइयरला गंधक घालून रबर तापवण्याची युक्ती सापडली, तेव्हा कुठे हे दुखणे आटोक्यात आले. आपल्याकडे सुरेंद्रमोहन बोस यांनी 1920 साली कोलकात्यात बेंगॉल वॉटरप्रूफ वर्क्स सुरू केले आणि त्यांच्या ‘डकबॅक’च्या कोटांनी पुढे किती पिढ्या शाळेत पोचवल्या. म्हणून वैशाख लागला की सर कोट खुंटीवरून काढून सावलीत, रुंद हँगरवर, घडी न घालता टांगतात, तेव्हा गल्ली हसली तरी रसायनशास्त्र सरांच्या बाजूने असते.

दुसरा शत्रू मळ, आणि तिसरा, हे पटायला जड जाते, तो मळ काढणारी पावडर. चांगल्या नायलॉनच्या कोटाला बाहेरूनही एक बारीक लेप असतो. त्यावर पाणी पसरत नाही, थेंब बनून ओघळते. इथली काळी माती मैद्याहून बारीक. ती कापडाच्या विणीत शिरली की पाणी धरून ठेवते. बाहीला माशाची बुळबुळ, कणकेचा गोळा, गांडुळाचा चिखल आणि डब्यातल्या भाजीचे तेल लागलेले असतेच. कोट मळका झाला की थेंब बनणे थांबते, कापड ओले होऊन अंगाला चिकटते आणि माणूस म्हणतो, गळायला लागला. मग घरातले कुणीतरी तो कपडे धुण्याच्या पावडरीत रात्रभर भिजवते. पावडरीचा कण एका टोकाने तेल धरतो आणि दुसऱ्या टोकाने पाणी. नीट खळबळले नाही तर तो कापडातच राहतो आणि पुढच्या पावसाचे आगतस्वागत करून पाणी आत घेतो. सुगंधी कंडिशनर तर याहून वाईट. कोट कोमट पाण्यात, साध्या सौम्य साबणाने, मऊ फडक्याने पुसून धुवावा, तीनचार वेळा खळबळावा, पिळू नये. एवढ्याने निम्मे ‘गळके’ कोट बरे होतात. सरांना हे पक्के ठाऊक आहे. म्हणूनच ते कोट घरच्या धुण्यात पडू देत नाहीत, स्वतः हापशावर नेतात आणि त्यांना बघून शेजारी विचारतात, ‘सर, आज कुणाला आंघोळ घालायलेत?’

इथपर्यंत सर शहाणे आहेत. त्यांची गाडी घसरते ती पुढे, उपचारात. सगळ्या कोटांना एकच औषध चालते, असा त्यांचा सिद्धांत आहे आणि ते औषध दर वर्षी बदलते. एका वर्षी मेणबत्ती: पांढरी मेणबत्ती शिवणीवर घासायची आणि वरून गरम इस्त्री फिरवायची. नायलॉनच्या शिवणीला याने तात्पुरता आधार मिळतो. पीव्हीसीच्या कोटावर मात्र मेणापाठोपाठ कोटही वितळतो आणि इस्त्रीला कायमचा बिलगतो. त्यानंतर घरातल्या सगळ्या पांढऱ्या शर्टांवर पावसाळ्याची खूण उमटत राहते. दुसऱ्या वर्षी तुरटी. कापड आधी साबणाच्या पाण्यात आणि मग तुरटीच्या पाण्यात बुडवले की दोहोंच्या संयोगाने पाण्यात न विरघळणारा अ‍ॅल्युमिनियमचा साबण धाग्यात बसतो. ही जुनी आणि खरी युक्ती आहे, पण सुती कापडासाठी. सरांची कॅनव्हासची पिशवी तिने सुधारते, नायलॉनच्या कोटावर तुरटीची पांढरी पूड तेवढी राहते. तिसऱ्या वर्षी जवसाचे तेल. एके काळी परदेशी खलाशांचे कोट याच तेलात भिजवून वाळवत, हे खरे. मात्र ते नीट वाळायला बरेच दिवस लागतात, तोवर गल्लीतली सगळी धूळ कोटावर मुक्कामाला येते. शिवाय या तेलात माखलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो, ही गोष्ट गमतीची नाही. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. चौथ्या वर्षी सर पंक्चरवाल्याकडे जातात. त्याचे सोल्युशन रबराच्या ट्यूबसाठी, पीव्हीसीला ते धड धरत नाही. पीव्हीसीसाठी वेगळा चिकटपदार्थ मिळतो हे ताडपत्री दुरुस्त करणाऱ्याला माहीत असते, पण सर त्याला विचारत नाहीत. त्यांच्या मते तो हळदीवर झाकायच्या ताडपत्र्या शिवणारा माणूस. त्याला मासेमारीतले काय कळणार?

आता आक्षेपांकडे वळतो. सर कंजूष आहेत, चारपाचशे रुपयांत नवा कोट येतो, हा पहिला. तो टिकत नाही, कारण सर मेणबत्त्या, फवारे आणि बिघडलेल्या इस्त्रीवर जेवढे घालवतात तेवढ्यात दोन कोट आले असते. कंजुषाला हा छंद परवडत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: भोई खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेतो, तिला ना धुणे ना लेप, आणि सरांच्या दसपट मासे धरतो. हे मान्यच करायला हवे. खोळ समोरून उघडी, वारा खेळता, घाम साचत नाही. फाटली तर दुसरे पोते आहेच. निव्वळ उपयोगाच्या हिशेबात तिच्यापुढे सरांचा कोट उभा राहत नाही. पण पोत्याची खोळ घेऊन झेडपीचे सर काठावर बसले तर सोमवारी वर्गात त्यांना कोण सर म्हणेल? हा कोट पावसासाठी निम्मा आणि पगारासाठी निम्मा आहे. आणि राखणे-जपणे भोयालाही कधी चुकले नाही. नायलॉन येण्याआधी मासेमारांची सुती जाळी कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात पुन्हा पुन्हा बुडवावी लागत. तेव्हा कुणी त्यांना हसत नव्हते. जाळ्यावर पोट होते. सरांच्या कोटावर पोट नाही, म्हणून तो विनोदाचा विषय झाला.

तिसरा आक्षेप शहरातून सुट्टीला आलेल्या भाच्याचा असतो: ‘मामा, आता श्वास घेणारे जॅकेट मिळतात, एक घेऊन टाका.’ असे कापड घामाची वाफ बाहेर सोडते, पण आतली हवा बाहेरच्यापेक्षा पुरेशी दमट असेल तेव्हाच. भाद्रपदातल्या झडीत धरणाच्या काठावर बाहेरची हवाच इतकी ओली असते की वाफेने जायचे कुठे? माणूस आतून भिजतो आणि दोष शिवणीला देतो. मामा हा सल्ला ऐकतात, पण तो पालथ्या घड्यावर पाणी ठरतो, आणि या एका बाबतीत ते बरेच आहे. भाचा कोटावर मारायला पाणी झटकणारा फवाराही आणतो, त्याचीही चौकशी करावी. पाणी झटकणाऱ्या अनेक लेपांत फ्लोरिनयुक्त रसायने असत. त्यांच्याशी जोडलेल्या पीएफओए या रसायनावर स्टॉकहोम करारात 2019 साली जागतिक बंदीचा निर्णय झाला, कारण ते निसर्गात जवळजवळ विरतच नाही. त्या कुळातली काही रसायने माशांच्या शरीरात साठतात. फ्लोरिनविरहित फवारे आता मिळतात. डब्यावर तसे लिहिलेले पाहूनच घ्यावेत आणि धुतलेल्या, स्वच्छ कापडावरच मारावेत, कारण मळावर मारलेला लेप मळासकट निघून जातो.

तेव्हा माझा निकाल असा: निदानात सरांना पैकीच्या पैकी गुण, औषधोपचारात नापास. त्यांच्याकडून कोट सावलीत टांगणे, साध्या साबणाने धुणे आणि ओला घडी न करणे एवढे शिकून घ्या. पीव्हीसी चिरला असेल तर ताडपत्रीवाल्याकडे न्या, आतले पापुद्रे सुटले असतील तर सरळ नवा घ्या. आणि एक विनंती. मृग लागायच्या सुमाराला गळवाले सर दारावरून जाताना ‘द्या इकडं, करून देतो’ म्हणून तुमचा रेनकोट मागतील. माणूस मनाने फार चांगला आहे, चहा जरूर पाजा, पण कोट देऊ नका; तो परत येईपर्यंत पोळा होऊन जातो.