धबधब्याने लेखी खुलासा करावा

पावसाळ्यात तुम्हीही साताऱ्याकडे जाऊन भिजून आला असाल, म्हणून तुमच्यापाशी बोलतो. चहा घ्या. विषय आहे भांबवलीचा वजराई धबधबा. कासच्या पलीकडे, तीन टप्प्यांत कोसळणारा, उंची १८४० फूट सांगतात. सांगतात, असंच मला म्हणावं लागतंय. माझी तक्रार नेमकी हीच आहे.

प्रवेशशुल्क भरलं, पावती घेतली, पावती भिजली. मग जंगलातली वाट. किती चालायचं, असं खाली उतरणाऱ्या एकाला विचारलं. "आलंच की, धा मिन्टं." बऱ्याच चढानंतर दुसऱ्याला विचारलं, तर त्याच्याकडेही धाच शिल्लक होती. शेवाळलेल्या दगडांवरून घसरत मी पुढे गेलो, पण त्या दहातलं एकही मिनिट कमी झालं नाही.

जळवांचं खातं मात्र वक्तशीर. चावलेलं कळूही देत नाहीत. त्यांच्या लाळेत हिरुडिन असतं, त्याने रक्त लवकर गोठत नाही. म्हणजे वसुली करून अधिकारी निघून जातात, तरी आपला भरणा चालूच. पावती नाही.

एवढं सोसून कठड्याशी पोहोचलो. समोर पांढरं. धबधबा नव्हे, धुकं. आवाज पूर्ण मिळाला, तुषारही मिळाले, फक्त धबधबा मिळाला नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून हा सह्याद्री घडला. इतका पूर्वतयारीला वेळ मिळूनही ऐन वेळी ही अवस्था.

मी शांतपणे कारणमीमांसा केली. अरबी समुद्रावरचं बाष्प सह्याद्रीला अडून वर चढतं, गार होतं, त्याचा ढग होतो. तोच ढग धबधब्याला पाणी पुरवतो आणि तोच धबधब्यासमोर आडवा बसतो. पाणीपुरवठा आणि दर्शन ही दोन्ही खाती एकाच ढगाकडे सोपवायचा निर्णय कोणत्या पातळीवर झाला? उन्हाळ्यात यावं तर ढग रजेवर, हवा स्वच्छ, आणि धार बारीक. सर्वसामान्य माणसाने जायचं कधी?

हेही सोसलं असतं. पण आमच्या इमारतीतले एक गृहस्थ त्याच दिवशी आले होते. वाटेत कांदाभजी, मग मक्याचं कणीस, मग पुन्हा भजी, अशा क्रमाने ते आमच्यामागून वर पोहोचले. आम्ही वाहनतळाशी मोजे पिळत असताना वर धुकं हटलं. तिन्ही टप्पे, हिरवे कडे, सगळं त्यांना मिळालं. जळू एकही नाही.

रात्री त्यांनी तो फोटो इमारतीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, 'थोडे कष्ट घेतले की निसर्ग भरभरून देतो.' भराभर अंगठे पडले. शेजारधर्म म्हणून मीही एक दिला. तो निषेधासह दिला आहे, याची नोंद घ्यावी.