भाऊंचा क्लच

धामणगाव बढ्याला भाऊंच्या ओट्यावर चहा घ्यायला बसलं की पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. ‘तुह्या गाडीचा क्लच कधी बदलला?’ हा असतो. ‘बदललाच नाही’ म्हणावं तर ‘अरे बापा, मंग तं पाहा लागते’, आणि ‘मागच्याच महिन्यात’ म्हणावं तर ‘कोनता टाकला?’ काहीही उत्तर दिलं तरी माणूस शेवटी अंगणात पोचतो. तिथे निंबाच्या सावलीत एमएच २८ ची लाल स्विफ्ट उभी असते.

स्विफ्ट म्हणजे डिझेल. त्यातलं १.३ लिटरचं इंजिन मूळचं फियाटचं. मारुतीने ते परवान्यावर बनवलं, टाटांनीही वापरलं आणि इतक्या गाड्यांत ते बसलं की गाडीवेडे त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले. एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. भाऊंनी या घटनेचं सुतक पाळलं असं वहिनी सांगतात. ‘आता अशी गाडी होने नाही’ हे वाक्य त्या दिवसापासून चालू आहे, आणि अशी दुसरी होणार नाही म्हणून हीच सजवत राहायची, हा त्यापुढचा निष्कर्ष.

सजवणं म्हणजे काय? रुंद टायर आले. बुटक्या स्प्रिंगा आल्या, त्यामुळे गाडी जमिनीला टेकली आणि गावातल्या प्रत्येक गतिरोधकाशी तिची ओळख झाली. मोठ्या आवाजाचा सायलेन्सरही आला होता, पण गावात पोलीस ठाणं असल्यामुळे तो फार दिवस राहिला नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तेव्हापासून भाऊंना तोंडपाठ आहे. ते पाळण्यासाठी नव्हे, क्लच त्यात येत नाही हे पटवून देण्यासाठी.

खरं दुखणं सुरू झालं ते पुण्याहून रिमॅप करून आणल्यावर. कंपनीचा टॉर्क १९० न्यूटन-मीटर. पुण्याच्या पोराने लॅपटॉप जोडून तो वाढवला. क्लच मात्र जुनाच, कंपनीच्या हिशेबाचा. इंजिनाने जास्त जोर लावला की प्लेट फ्लायव्हीलला धरून राहीना, सरकायला लागली.

हे सरकणं भाऊ पाहुण्यांना दाखवायचे. राजूर घाटाच्या पायथ्याला गाडी हळू करायची, चौथा गिअर टाकायचा आणि अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबायचा. आरपीएमचा काटा उडी मारतो, वेगाचा काटा तिथेच. ‘दिसला?’ पाहुणा मान हलवतो. ‘आता वास घे.’ पाहुणा वास घेतो. नवे जावई दिवाळसणाला आले असताना त्यांनाही हा जळका वास देण्यात आला. जावई शहाणे निघाले. ‘क्लच गेला’ म्हणाले आणि घरात त्यांचा मान कायमचा वाढला.

मग निवड सुरू झाली. जिनिंगवाल्याने दिलेल्या डायरीत, कापसाच्या वजनांच्या मागच्या पानांवर, भाऊंनी रकाने पाडले. कंपनीचा सेट. जड प्रेशर प्लेटचा सेट. सिरॅमिकचा सेट. प्रत्येकासमोर किंमत, टॉर्क आणि ‘मत’. मताच्या रकान्यात खाडाखोड इतकी, की कागद फाटलाय. लग्नासाठी छत्रपती संभाजीनगरला गेले, तर अक्षता पडल्या-पडल्या चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एक्सेडीचा क्लचचा कारखाना फाटकातून पाहून आले. ‘आपल्या शेजारीच बनते ना गा’, हे सांगताना आवाजात अभिमान असा, जणू जमीन त्यांनीच दिली.

सिरॅमिकने त्यांना बरेच दिवस झुलवलं. पकड घट्ट, उष्णतेला दाद देत नाही, शर्यतीवाले तेच वापरतात. पण ते एकतर धरतं नाहीतर सोडतं, अधलंमधलं त्याला जमत नाही, आणि फ्लायव्हील खातं ते वेगळंच. कापसाच्या ट्रॅक्टरमागे मोताळ्यापर्यंत रांगत जायचं, तिथे सगळा कारभार अधल्यामधल्याचाच. कुणा मित्राच्या सिरॅमिकवाल्या गाडीत भाऊंनी आईला बसवून पाहिलं. गाडी दोनदा हिसकली. म्हातारी उतरली आणि म्हणाली, ‘यापेक्षा आपली दमनी बरी होती.’ सिरॅमिकवर काट पडली.

‘मंग जड प्रेशर प्लेट घेऊन टाका,’ मी म्हणालो.

‘घाई कायले करतं? माहिती काढून ठेवलेली बरी.’

हे त्यांचं आवडतं वाक्य. जड प्लेट घेतली तर पेडल जड होतं. पेडल जड झालं तर बुलडाण्याला दवाखान्यात जाऊन येईस्तोवर डावा गुडघा बोलतो. भाऊंचा गुडघा आधीच बोलका आहे. शिवाय पैसा कापूस विकल्यावर, आणि कापूस भाव आल्यावर. मधल्या काळात विहिरीची मोटर जळाली. क्लचचे पैसे वायंडिंगला गेले. भाऊ उदास व्हायला हवे होते, पण चेहरा खुलला. माहिती काढायला आणखी एक हंगाम मिळाला होता.

शेवटी मलकापूरच्या मिस्त्री चाचांनीच सूत्रं हातात घेतली. भाऊ डायरी उघडणार तेवढ्यात ते म्हणाले, ‘भाऊ, पहले गिअरबॉक्स तो उतारने दो.’ उतरवला, तर प्लेट तेलाने माखलेली. क्रँकचं मागचं ऑइल सील गळत होतं. अर्धं सरकणं रिमॅपचं, अर्धं त्या रबराच्या कड्याचं. दुसरा कुणी ओशाळला असता. भाऊंनी पेन काढलं आणि चौथा रकाना पाडला.

सील बदललं. फ्लायव्हील घासून घेतलं. गिअरबॉक्स उतरलाच आहे म्हणून रिलीज बेअरिंगही नवं टाकलं, कारण बेअरिंग स्वस्त आणि उतरवण्याची मजुरी महाग. प्रेशर प्लेट जराशी जड, प्लेट मात्र साध्या ऑरगॅनिक अस्तराची. घाटात काटे जोडीने चढू लागले. भाऊंनी आईला राजूरपर्यंत फिरवून आणलं आणि विचारलं, ‘कसं वाटलं?’

‘कायचं?’ म्हातारी म्हणाली.

एवढ्या अभ्यासाचं हे फळ पाहून भाऊ दोन दिवस कमी जेवले. खरं तर याहून मोठी पावती क्लचला मिळत नाही, पण त्यांना ते पटायला वेळ लागला.

तुमच्या गाडीचा आरपीएम चढत असेल आणि वेग चढत नसेल, तर खुशाल धामणगावला जा. सल्ला फुकट, चहा फुकट, आणि सल्ला अगदी बरोबर असतो, हे मी जबाबदारीने सांगतो. फक्त परतीला शेवटच्या एसटीच्या भरवशावर राहू नका.