घरबसल्या संघबांधणी : खान्देशातील नवशिक्यांसाठी

अभिनंदन! फुटबॉलला आयुष्यात कधी पाय न लावता व्यावसायिक फुटबॉल संघ बांधायचं तुम्ही ठरवलं, म्हणजे अर्धी तयारी झालीच. उरलेली अर्धी इथे करून घेऊ. साहित्य फार लागत नाही. एक मोबाइल, फुले मार्केटमधून घासाघीस करून आणलेली एक जर्सी आणि टॉवर चौकात संध्याकाळी रिकामे असलेले चार मित्र. मित्रांपैकी कोणाला फुटबॉल कळत असेल, तर मित्र बदला.

1. आधी संघ धरा. जळगाव-धुळ्याचा संघ इंडियन सुपर लीगमध्ये नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका. उलट सोय आहे. ‘मैदानावर जाऊन बघितलंस का?’ असं तुम्हाला कोणी विचारणार नाही. मुंबई सिटी एफसी घ्या. जळगावहून मुंबई रेल्वेने चारशेवर किलोमीटर, तज्ज्ञाला एवढं अंतर पुरे. पुण्याचा मोह मात्र टाळा. एफसी पुणे सिटी 2014 साली निघाला, 2019 मध्ये गुंडाळला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. तेव्हा हौसेने जर्सी घेतलेली माणसं ती आता केळीला पाणी द्यायला जाताना घालतात.

2. खेळाडू नावावरून निवडा. घरच्या बाईंनीही ऐकलेलं नाव असेल तर उत्तम. वय विचारू नका, गुडघा तर मुळीच विचारू नका. या पद्धतीला मोठी परंपरा आहे. 2014 च्या पहिल्या मोसमात मुंबईने निकोला अनेल्का आणि फ्रेडी युंगबर्ग आणले, पुण्याने डेव्हिड ट्रेझेगे आणला. पोस्टरं झकास झाली. अनेल्काला इंग्लंडातली जुनी बंदी भोगायची होती, त्यामुळे सुरुवातीचे सामने त्याने बाहेरूनच पाहिले. त्याच दिवसांत मुंबईने पुण्याला 5-0 असं धुतलं आणि लीगच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक झाली. ती केली आंद्रे मोरित्सने. कोण? बरोबर. तुम्हाला माहीत नाही, म्हणजे तो तुमच्या संघात बसत नाही. मोसमाअखेर आठ संघांत मुंबई सातवी आली, पण त्याला पोस्टर काय करणार?

पुण्याने 2016 मध्ये आइसलंडचा आयडर गुडजॉन्सन जाहीर केला. मोसम सुरू व्हायच्या आत तो दुखापतीने बाद. असा खेळाडू तज्ज्ञाला फार उपयोगी. तो कधीच वाईट खेळत नाही.

त्याच साली मुंबईकडे आलेला दिएगो फोर्लान मात्र खरोखर खेळला आणि संघ गुणतक्त्यात पहिला आला. एवढं एक उदाहरण खिशात ठेवा, दहा वर्षं पुरतं. त्या मोसमात साखळीतल्या 14 सामन्यांत मुंबईने 16 गोल केले आणि फक्त 8 खाल्ले, हे चौकात बोलू नका. लोक बचावाबद्दल बोलायला लागतील.

3. फॉर्मेशन मांडा. हा आपल्या विद्येचा गाभा आहे, तेव्हा सावकाश शिका. टपरीच्या बाकड्यावर चहाचे रिकामे ग्लास अकरा गोळा करा. साखरेची बरणी गोलकीपर. पुढे चार, मधे चार, वर तीन. बरणी धरून बारा होतात, हे कोणी मोजत नाही. मग वरच्या तिघांवर बोला. हा ग्लास आत घुसेल, हा बाहेरून क्रॉस टाकेल, मधला नुसता उभा राहील. अर्धा तास सहज जातो. मागचे चार ग्लास कोणते, हे ठरवायची गरज नाही. देवपूरला अशीच एक मांडणी चालली असताना टपरीवाल्याने येऊन लेफ्ट बॅक विसळायला उचलून नेला. चर्चा पुढे पाऊण तास चालली. लेफ्ट बॅक गेल्याचं शेवटी बिल करताना लक्षात आलं, तेही टपरीवाल्याच्या.

कोणी आडवा आला आणि ‘तुले काय समजस रे?’ म्हणाला, तर आवाज एक पट्टी चढवून ‘माले बठ्ठं समजस, भो’ एवढंच म्हणा. पुरावा मागायची खान्देशात पद्धत नाही.

4. परदेशी खेळाडू अकरा घ्या. नियम आहे, मान्य. 2021-22 पासून मैदानावर एका वेळी चारच परदेशी उतरवता येतात. म्हणजे सात जण भारतीय हवेत, आणि सामने बहुधा त्या सात जणांवरच जिंकले-हरले जातात. हे फार कंटाळवाणं सत्य आहे. मिझोरमचा लालियानझुआला छांगटे 2022 मध्ये चेन्नईहून मुंबईत आला आणि पुढच्याच वर्षी देशाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. चौकात त्याचं नाव घ्यायचं तर आधी घरी म्हणून बघा. नाही जमलं तर ‘तो विंगवरचा पोरगा’ म्हणा आणि तुम्हीच त्याला आधी हेरल्याचं सांगा.

5. पैसा मोजू नका. एरवी तुम्ही भरताची वांगी घेताना किलोमागे दोन रुपयांसाठी तीन दुकानं फिरता. तो स्वभाव इथे आणू नका. 2015 मध्ये लीगचा पहिला लिलाव झाला, मुंबईने सुनील छेत्रीला 1 कोटी 20 लाखांना घेतलं. छेत्रीने पैसे वसूल करून दिले, मोसमात सात गोल केले. पण त्याच मोसमात गोव्याने फातोर्ड्यावर मुंबईला सात गोल एकाच सामन्यात घातले. यावर नवशिक्याने काय म्हणावं? ‘अजून एक स्ट्रायकर पाहिजे होता.’ शाबास. तुम्ही शिकताय.

6. मराठी माणूस मागा. हा मुद्दा कधीच वाया जात नाही. मूठ बाकड्यावर आपटा आणि विचारा, ‘मुंबईच्या संघात आपला माणूस का नाही?’ 4 मे 2024 रोजी कोलकात्यात साठ हजारांसमोर मोहन बागानला 3-1 ने हरवून मुंबईने चषक उचलला, तेव्हा कर्णधार होता मुंबईचा राहुल भेके. आता हे तुम्हाला ठाऊक नसणं साहजिक आहे, तो बचावात खेळतो, आणि बचावातले ग्लास आपण मघाशीच विसळायला दिले. त्याच उन्हाळ्यात भेके बंगळुरूला गेला. आता तुम्ही त्याला ओळखलं पाहिजे, कारण गद्दार म्हणायला नाव लागतं.

7. कोचला काढा. एक सामना हरला की काढा. बरोबरी झाली तरी काढा. हात कापत असेल तर गोव्याकडून धीर घ्या. 2020 च्या जानेवारी अखेर एफसी गोवा तक्त्यात पहिला होता, साखळीचे तीन सामने उरले होते आणि त्या अवस्थेत क्लबने सर्जिओ लोबेराला घरी पाठवला. चौकातल्या कोणाची एवढी छाती झाली नसती! लोबेरा त्याच वर्षी मुंबईला आला. ह्यूगो बूमू, मुर्तादा फॉल, अहमद जाहूह, मंदार राव देसाई हे त्याचे गोव्यातले चौघेही मुंबईत आले. कोविडमुळे तो अख्खा मोसम गोव्यातच झाला आणि मुंबईने साखळीची शील्ड आणि चषक दोन्ही गोव्यातच जिंकले. अंतिम सामना 13 मार्च 2021, फातोर्डा, बिपिन सिंगचा 90 व्या मिनिटाला गोल. ज्यांनी काढला त्यांच्या अंगणात.

यातून कोणी असा धडा घेईल की कोच, त्याला हवे ते चार खेळाडू आणि लोबेराला काढण्याआधीच्याच नोव्हेंबरात मुंबईत 65 टक्के हिस्सा घेतलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपचा पैसा, असं सगळं जुळून आलं म्हणून संघ उभा राहिला. घेऊ द्या. तुम्ही म्हणा, ‘लोबेराचं मी डिसेंबरातच सांगितलं होतं.’ कोणत्या डिसेंबरात, हे कोणी विचारत नाही.

8. आतली बातमी ठेवा. ‘एजंटशी बोलणं झालंय’ हे वाक्य पाठ करा. कोणाचा एजंट, ते सांगू नका. 2023 मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या सोडतीत मुंबईच्या गटात अल हिलाल आला, म्हणजे नेमार येणार. अनेकांनी तेव्हाच रजा टाकल्या. ऑक्टोबरात ब्राझीलकडून खेळताना नेमारचा गुडघा गेला, नोव्हेंबरात डी. वाय. पाटीलवर अल हिलाल त्याच्याशिवाय आला आणि 2-0 ने जिंकून गेला. तज्ज्ञाने इथे डगमगू नये. ‘मला आधीच कुणकुण होती’ म्हणावं आणि दुसरा चहा मागवावा.

9. लीगच बंद पडली तर? घाबरू नका, हीच तुमची खरी वेळ. 2025 च्या जुलैमध्ये आयोजकांनी पुढचा मोसम स्थगित ठेवल्याचं कळवलं. ऑगस्टमध्ये बंगळुरूच्या क्लबने पहिल्या संघाचे पगार थांबवले. मैदानावर घाम गाळणारे घरी बसून फोनची वाट बघत होते. तुमचा संघ मात्र एकही दिवस बंद नव्हता, त्यात फोर्लानपासून नेमारपर्यंत सगळे तंदुरुस्त होते आणि पगाराची कटकट कोणालाच नव्हती.

टपरीवाल्याची उधारी तेवढी बघा. मागच्या महिन्याचे ग्लास त्याने मोजून ठेवलेत.