सहामाही परदेशस्थ

महाराष्ट्रातील, आणि त्यातही पुण्यातील, मध्यमवर्गाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला 'परदेशस्थ' या वर्गाचे दोन भेद आधीच स्पष्ट करून घ्यावे लागतात. पहिला भेद कायमच्या परदेशस्थाचा. तो दोन-तीन वर्षांतून एकदा येतो, बाटलीतले पाणी पितो, मुलांना आजीच्या पाया पडायला लावतो आणि परत जातो, त्यामुळे त्याचा उपद्रव मर्यादित राहतो. दुसरा भेद सहामाही परदेशस्थाचा. दोन विद्यापीठांत झालेल्या करारानुसार एका सत्रापुरता तिकडे जाऊन शिकणारा, शुल्क इथेच भरणारा आणि पदवीही इथलीच घेणारा हा विद्यार्थी कागदोपत्री 'विनिमय विद्यार्थी' म्हणून ओळखला जातो, तर सोसायटीत त्याच्याविषयी 'कुलकर्ण्यांचा धाकटा एक्स्चेंजला गेलाय' एवढेच बोलले जाते. तो जातो सहा महिन्यांसाठी. परत मात्र पुढची पाच-सहा वर्षे येतच राहतो.

या प्रकाराचा सर्वांत निर्दोष नमुना पुणे आणि जर्मनी यांच्या संबंधात सापडतो, आणि त्यामागे ऐतिहासिक कारणे आहेत. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परकीय भाषांचा विभाग आहे, चाकणला जर्मन मोटारींचे कारखाने आहेत, आणि ब्रेमेन या उत्तर जर्मनीतील शहराशी पुण्याचे मैत्र चार दशकांहून जुने असून औंधमधील एका चौकाला त्या शहराचे नावही दिलेले आहे. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या आणि मानववंशशास्त्रातील पीएच.डी. घेऊन परतल्या, हा दाखला अशा विद्यार्थ्याच्या घरी निरोपसमारंभात कोणीतरी काका आवर्जून देतो. फक्त त्या तिथे राहून प्रबंध पुरा करून आल्या आणि प्रस्तुत उमेदवार तीन विषय व एक सेमिनार करून येणार आहे, हा फरक सांगण्याचे औचित्य त्या काकाकडे नसते.

प्रस्थानपूर्व काळात त्याची ओळख 'अवरुद्ध खाते' या संस्थेशी होते. जर्मनीत शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याने, शिष्यवृत्ती किंवा तशी दुसरी हमी नसल्यास, राहण्या-खाण्याचा खर्च आगाऊ एका खात्यात भरून ठेवावा आणि त्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढावी, असा हा नियम असून २०२४ च्या सप्टेंबरपासून ही रक्कम महिना ९९२ युरो अशी ठरवण्यात आली. या तरतुदीमुळे घरातील मुदत ठेव मोडावी लागते हे खरे; परंतु पैसे स्वतःचे असूनही मुलाच्या हाती एकरकमी पडू न देणारी ही व्यवस्था पाहून वडिलांना जर्मन शासनाविषयी जी आत्मीयता वाटते, ती त्यांना आजवर कोणत्याही भारतीय बँकेविषयी वाटलेली नसते. आईचा प्रश्न वेगळा असतो. तेवीस किलोच्या बॅगेत थालिपिठाची भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, पोहे, छोटा कुकर आणि मुलगा नको म्हणत असलेले दोन स्वेटर कसे बसवावेत, यावर ती आठवडाभर काम करते; आणि युरोपीय संघात वैयक्तिक सामानातून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मज्जाव आहे हे समजल्यावर तुपाची बरणी बाहेर काढताना ज्या खंडात साजूक तूप चालत नाही त्या खंडाच्या एकंदर भवितव्याविषयी स्पष्ट मतही नोंदवते.

ब्रेमेनला पोचल्यावर या विद्यार्थ्याच्या आयुष्यात प्रथम येते ती वसतिगृहाची सामाईक मुदपाकखोली. तिच्या छतावर धूर ओळखणारे एक पांढरे यंत्र बसवलेले असते आणि ते यंत्र ज्यांनी घडवले त्यांना फोडणी ही संकल्पना ज्ञात नसते. पहिल्या रविवारी मोहरी तडतडते, हिंग पडतो, सुक्या मिरचीचा ठसका उठतो आणि त्याच क्षणी ते यंत्र किंचाळू लागते. पाठोपाठ एक स्पॅनिश, एक तुर्की आणि दोन कोरियन विद्यार्थी अनवाणी बोळात येऊन उभे राहतात व खोकत खोकत परस्परांची ओळख करून घेतात. आंतरराष्ट्रीय स्नेहसंबंधांची इतकी जलद सुरुवात विद्यापीठाच्या स्वागतसप्ताहातही होत नाही. नोव्हेंबरपर्यंत यावर तोडगा निघालेला असतो: खिडकी सताड उघडी, बाहेर तापमान दोन अंश, अंगात जाड कोट, डोक्याला कानटोपी, आणि अशा पोशाखात आमटीला फोडणी देणारा हा तरुण ज्याने पुण्यात कधी चहाचा कपही विसळलेला नसतो. पलीकडे व्हिडिओवर आई असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात, त्यामुळे काल साडेतीन तासांचा असलेला फरक आज साडेचार तासांचा का झाला हे तिला दर वेळी नव्याने समजावून सांगावे लागते. आणि एवढ्या पुढारलेल्या देशाला घड्याळ एका जागी ठेवता येऊ नये, यावर तिचे समाधान होत नाही ते नाहीच.

भाषेच्या बाबतीत तो निर्धास्त गेलेला असतो, कारण 'ए-वन' म्हणजे प्राथमिक पातळीची परीक्षा त्याने नव्वद टक्क्यांनी पार केलेली असते. त्या पातळीवर माणसाला आपले नाव, गाव, छंद आणि भावंडांची संख्या व्यवस्थित सांगता येते. दुर्दैवाने दुकानातील गल्ल्यावर बसलेली बाई यांपैकी काहीही विचारत नाही. ती काहीतरी वेगळेच विचारते, अत्यंत वेगाने विचारते, आणि उत्तर येण्यापूर्वी मागच्या गिऱ्हाइकाचे बटाटे पुढे सरकवते. बेकरीत तो मनाशी घोकून गेलेले जर्मन वाक्य पूर्ण म्हणून दाखवतो आणि त्याला इंग्रजीत उत्तर मिळते, हा अपमान तो कोणालाही सांगत नाही. गणित मात्र त्याचे झपाट्याने सुधारते. प्रत्येक किमतीला नव्वद-शंभरने गुणण्याची सवय त्याला पहिल्या दिवसापासून जडते, आणि केस कापण्याच्या दराला एकदा तसे गुणून पाहिल्यावर तो सत्र संपेपर्यंत केस वाढवतो. याच गणितातून त्याला रिकाम्या बाटल्यांचे शास्त्र अवगत होते: प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत घेतली जाते आणि बाटली यंत्रात परत टाकली की ती परत मिळते, हे कळल्यावर दर मेजवानीनंतर खोली आवरण्याची जबाबदारी तो स्वतःहून उचलतो आणि त्यामुळे शिष्टाचारासाठी प्रसिद्ध होतो.

यापेक्षा अवघड असते ते देशाचे प्रतिनिधित्व. पुण्यात असताना तो फक्त तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी होता. तिथे तो आपोआप दीड अब्ज लोकांचा प्रवक्ता होतो, आणि गाय, जातिव्यवस्था, ठरवून केलेली लग्ने व चित्रपटांतील नृत्ये या चार विषयांवर त्याला कोणत्याही क्षणी अधिकारवाणीने बोलावे लागते. आंतरराष्ट्रीय कक्ष दिवाळीचा कार्यक्रम ठरवतो. आपला प्रवक्ता रात्री जागून तयारी करतो आणि रामाच्या अयोध्येतील पुनरागमनावर सादरीकरण करतो. त्यावर तमिळ विद्यार्थिनी उभी राहून दिवाळी नरकासुराच्या वधाची असल्याचे सांगते, बंगाली विद्यार्थी कालीपूजेचा मुद्दा मांडतो आणि गुजराती विद्यार्थी वहीपूजनाशिवाय हे सारे अपुरे असल्याचे शांतपणे नमूद करतो. तेव्हा कुठे त्याला आठवते की आपल्या घरीही नरकचतुर्दशीला अंघोळ झाल्यावर पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात, आणि ते का फोडतात हे आपण कधी विचारलेलेच नाही. तो भर कार्यक्रमातून आजीला संदेश पाठवतो. घरी मध्यरात्र उलटून गेलेली असूनही आजी तीन मिनिटे सोळा सेकंदांचे ध्वनिमुद्रण पाठवते, ज्यात कथा चाळीस सेकंदांची असून उरलेला वेळ तो काय खातो या चौकशीचा असतो.

प्रत्यक्ष शिक्षणाविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण जाण्याचे अधिकृत कारण तेच असते. त्याला बसणारा पहिला धक्का वेळेचा. वेळापत्रकात दहा लिहिले असेल आणि पुढे 'सी. टी.' ही अक्षरे असतील, तर व्याख्यान सव्वादहाला सुरू होते. पंधरा मिनिटांची ही सवलत जुनी असून तिचे नाव लॅटिन आहे. हे ठाऊक नसलेला पुणेकर पावणेदहाला रिकाम्या सभागृहात जाऊन बसतो आणि जर्मन वक्तशीरपणाविषयी त्याने इकडून नेलेल्या कल्पनेला तिथेच पहिला तडा जातो. दुसरा धक्का स्वातंत्र्याचा. बहुतेक व्याख्यानांना हजेरी नाही, जर्नल नाही, फाइलवर सरांची सही नाही, सबमिशनचा आठवडा नाही. सत्राअखेरीस एक परीक्षा, आणि तिलाही स्वतः आठवणीने नाव नोंदवले नाही तर बसू देत नाहीत. बारा-तेरा वर्षे कोणीतरी मागे लागल्यामुळेच अभ्यास केलेल्या जिवाला हे मागे न लागणे प्रथम स्वर्गासारखे वाटते आणि जानेवारीत त्याचा उलगडा होतो. तिसरा धक्का सेमिनारचा. तिथे प्राध्यापिका त्याच्याकडे वळून त्याचे मत विचारतात. पाठ्यपुस्तकाचे मत त्याला तोंडपाठ असते, गाइडचेही असते, स्वतःचे मत मात्र अभ्यासक्रमात कधी नव्हते. तो घसा खाकरतो आणि दोन्ही बाजू मुद्देसूद मांडतो, तरीही प्राध्यापिका थांबून राहतात. त्या वीस सेकंदांत जे घडते ते या संपूर्ण उपक्रमाचे मोल आहे असे म्हणता येईल, कारण नाइलाजाने का होईना, तो अखेर काहीतरी बोलतो, ते अर्धवट असते, कोणीतरी ते खोडून काढते, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही हे त्याला समोरच्यांच्या चेहऱ्यांवरून कळते. शेवटी सगळे बोटांच्या पेरांनी बाके वाजवतात. ही टाळ्यांची तिथली रीत आहे. पहिल्यांदा त्याला वाटते, आपल्याला खाली बसवत आहेत.

परीक्षेपूर्वी तो ब्रेमेनच्या नगरभवनाशेजारी जातो. ग्रिम बंधूंच्या कथेतील गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा हे एकमेकांच्या पाठीवर उभे असलेले शिल्प, गेरहार्ट मार्क्स या शिल्पकाराने घडवलेले, तिथे १९५३ पासून आहे. कथेत ही मंडळी गवई व्हायला ब्रेमेनकडे निघतात आणि तिथवर कधीच पोचत नाहीत, हे शहराने मनावर घेतलेले नाही. गाढवाचे पुढचे दोन्ही पाय दोन्ही हातांनी धरून इच्छा व्यक्त केली तर ती फळते असा तिथला समज असून अनेकांच्या हातांनी ते पाय सोन्यासारखे झळकत असतात; एकाच हाताने धरल्यास मात्र एका गाढवाने दुसऱ्या गाढवाला केलेला तो नमस्कार होय, असे स्थानिक लोक सांगतात. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण लहानपणी फळ्यावर वाक्यात उपयोग करण्यासाठी लिहून दिलेली असते; तिचा असा शब्दशः उपयोग करण्याची संधी महाराष्ट्रात राहिलेल्यांना मिळत नाही. गाढव पावते. निकालात १.३ श्रेणी येते, जी पाच पायऱ्यांच्या त्या मोजपट्टीवर उत्कृष्ट समजली जाते, कारण तिथे १.० सर्वोत्तम असून ४.० वर माणूस जेमतेम पास होतो. फोनवर वडील बराच वेळ गप्प राहतात आणि मग, दहापैकी का, एवढेच विचारतात.

एकोणिसाव्या शतकात समुद्र ओलांडून परतलेल्याला प्रायश्चित्त घ्यावे लागे, आणि ती प्रथा संपली असा सार्वत्रिक गैरसमज आहे. आता तिची सूत्रे परीक्षा विभागाकडे गेली आहेत. युरोपात वर्षाला ६० श्रेयांक धरतात आणि एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे एकूण श्रम मोजतात, तर इथे श्रेयांक प्रामुख्याने आठवड्याच्या तासिकांवरून ठरतो. त्यामुळे तिथे मिळवलेल्या तीस श्रेयांकांचे इथे नेमके किती, हा प्रश्न घेऊन तो तीन टेबलांवर फिरतो. खिडकीतल्या भाऊसाहेबांना १.३ हा आकडा दिसताच ते सहानुभूतीने त्याला फेरपरीक्षेचा अर्ज देतात. श्रेणी बदलून घेण्यासाठी बव्हेरियाच्या नावाने ओळखले जाणारे एक सूत्र आहे, असे तो सांगून पाहतो. सूत्रावर सहीशिक्का कोणाचा, असे त्याला विचारण्यात येते.

या प्रायश्चित्तातून तावून निघालेला माणूस पुढे ज्या रूपात समाजात वावरतो, त्यावरूनच तो ओळखला जातो. ओला-सुका कचरा वेगळा करण्यावर तो सोसायटीच्या सभेत वीस मिनिटे बोलतो. रविवारी दुकाने बंद ठेवण्याचे फायदे लक्ष्मी रोडच्या व्यापाऱ्याला पटवू पाहतो. आणि तिकडे गाडी म्हणजे गाडी, सेकंदावर, असे सांगताना जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये जेमतेम ६२ टक्केच वेळेवर धावल्या आणि त्याने स्वतः हॅनोवरच्या फलाटावर डिसेंबरची एक रात्र काढली, हे दोन्ही विसरतो. दुपारी चारलाच मावळणारा सूर्य, तापात स्वतःच करून खाल्लेली मऊ खिचडी, भाड्याच्या करारातले न समजलेले कलम शेजारच्या तुर्की मुलाने रात्री बसून समजावून देणे, हे मात्र तो सोसायटीच्या सभेत सांगत नाही. फक्त घरी जेवण झाल्यावर आपले ताट, आणि शेजारी कोणाचे राहिले असेल तर तेही, न बोलता घासून ठेवतो. आई ते पाहते आणि बहिणीला फोन करते.

या करारात जागा दोन्ही बाजूंना असतात आणि तिकडून येणारे संख्येने कमी असले तरी येतात, ही बाब मराठी अभ्यासकांनी अद्याप पुरेशी लक्षात घेतलेली नाही. ब्रेमेनहून पुण्यास आलेल्या विद्यार्थिनीला वेळापत्रक सत्र सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात मिळते, रिक्षावाल्याशी ती कष्टाने मराठी बोलते आणि तो हिंदीत उत्तर देतो, मैत्रिणीच्या घरी तिला चौथी पोळी नाकारता येत नाही. डिसेंबरपर्यंत ती कर्वे रस्ता हात दाखवून ओलांडू लागते. सत्राच्या अखेरीस महाविद्यालयात 'विनिमय : अनुभव आणि संधी' असा परिसंवाद ठरतो, दोघेही वक्ते असतात, वेळ अकराची असते. आपला सहामाही परदेशस्थ पावणेअकरापासून व्यासपीठावर बसून दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत, या देशाचे काही खरे नाही असे संयोजकांना ऐकवत असतो. ब्रेमेनची पाहुणी पावणेबाराला येते, अध्यक्ष अजून आलेले नाहीत याची खात्री करून घेते आणि शिपायाला सोबत घेऊन कॅन्टीनमध्ये चहा प्यायला जाते.