नायिकेची मैत्रीण

किशोरवयीन मुलींसाठी लिहिलेल्या इंग्रजी कादंबरीत आरसा फार लवकर येतो. पहिली दहा-बारा पानं होतात न होतात तोच नायिका त्याच्यापुढे उभी राहते आणि स्वतःविषयी तक्रारी सुरू करते. डोळे नको तितके मोठे, मान जरा लांबच, कांती इतकी फिकट की खालच्या निळ्या शिरा दिसाव्यात, केसांचा रंग धड हा नाही की धड तो नाही. थोडक्यात काय, आपण अगदीच चारचौघींसारख्या. वाचणारीला तेवढ्यात कळून चुकतं की ही मुलगी चांगली देखणी आहे. तिला तसं अजून कोणी सांगितलेलं नाही इतकंच, आणि सांगणारा एक-दोन प्रकरणांत शेजारच्या बाकावर येऊन बसणार आहे. व्हेरॉनिका रॉथच्या ‘डायव्हर्जंट’मधली (२०११) बिअ‍ॅट्रिस ज्या पंथात वाढते तिथे स्वतःकडे बघत बसणं हा दुर्गुण. घरात एकच आरसा, तोही सरकत्या फळीमागे दडवलेला, आणि त्याच्यापुढे उभं राहण्याची मुभा तीन महिन्यांतून एकदा, आई केस कापते त्या दिवशी. एवढा कडक बंदोबस्त असूनही कादंबरी उघडते ती नेमकी त्याच दिवशी. नायिकेचा योग म्हणतात तो हाच असावा.

माझ्या भाचीच्या कपाटात अशा नायिका एकमेकींना खेटून उभ्या आहेत. वय बहुधा सोळा, फार तर सतरा. सोळाव्या वर्षाला तर आपल्या लावणीने केव्हाच धोक्याचं ठरवून टाकलं आहे. ‘ट्वायलाइट’मधली (२००५) बेला सपाट जमिनीवरही ठेचकाळते, तर ‘द हंगर गेम्स’मधली (२००८) कॅटनिस खारीच्या नेमक्या डोळ्यात बाण मारते. पण हृदयाची गोष्ट निघाली की दोघी सारख्याच गोंधळतात, कारण दोघींच्याही वाट्याला दोन-दोन मुलगे आलेले असतात. एकीपुढे रक्तपिपासू आणि लांडगा, दुसरीपुढे शिकारी आणि पाववाल्याचा मुलगा. मला विचाराल तर पाववाल्याचा. पण मला कोणी विचारत नाही. शाळेत आम्हाला भूमितीत शिकवलं होतं की त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठीच भरते. या त्रिकोणांत दोन बाजू मिळूनही तिसरीचा ठाव लागत नाही, आणि तेवढ्यावर तीन-तीन, चार-चार जाडजूड खंड निघतात.

आणि यांच्या आया कुठे असतात? ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’मधली अ‍ॅन शर्ली अनाथ. रहस्यं सोडवणाऱ्या नॅन्सी ड्रूची आई ती लहान असतानाच गेलेली. कॅटनिसचे वडील खाणीतल्या स्फोटात गेले आणि त्या दुःखाने आई घरात असून नसल्यासारखी. बेलाची आई नव्या नवऱ्याबरोबर हिंडायला मोकळी राहावी म्हणून मुलगी आपण होऊनच उन्हातलं फीनिक्स सोडून पावसाळी फोर्क्सला बापाकडे येते आणि आल्या आल्या त्याच्या स्वयंपाकाचा ताबा घेते. लेखिकांना आयांशी वैर आहे असं मला वाटत नाही. अडचण कारागिरीची आहे. आई घरात असली की साहस उंबऱ्यापाशीच अडतं. कुठे निघालीस, कोणाबरोबर, परत कधी येणार, आणि काही खाल्लंस का, या चार प्रश्नांपुढे कुठलीही राज्यक्रांती टिकायची नाही.

यातल्या बऱ्याच जणींची एक खूण मात्र सारखी. आपण इतर मुलींसारख्या नाही, असं त्यांना मनोमन वाटत असतं. इतर मुली म्हणजे कपड्यांविषयी बोलणाऱ्या, खिदळणाऱ्या, नाचाला कोण विचारतंय याची वाट बघणाऱ्या. या खोडीचं मूळ शोधत मागे गेलं की बॉस्टनजवळच्या कॉन्कर्ड गावातलं एक लिहायचं टेबल लागतं. १८६८ साली टॉमस नाइल्स या प्रकाशकाला मुलींसाठी एक पुस्तक हवं होतं. लुइसा मे अल्कॉट लिहायला बसली खरी, पण आपल्याला मुली कधी फारशा आवडल्या नाहीत आणि बहिणी सोडल्या तर फारशा माहीतही नाहीत, अशी कुरकुर तिने रोजनिशीत नोंदवून ठेवली. मुलींच्या वाङ्मयातली सर्वांत लाडकी मुलगी ज्या लेखणीतून उतरली तिची सुरुवात ही अशी. जो मार्च शिट्टी वाजवते, बोटं शाईने बरबटवते आणि आजारी वडिलांसाठी पंचवीस डॉलरला केस विकून येते. पहिला भाग निघाल्यावर वाचक मुलींची पत्रं आली आणि त्यांत प्रश्न एकच: कोणाचं लग्न कोणाशी? अल्कॉटने हट्टाने जोला शेजारच्या लॉरीच्या गळ्यात बांधलं नाही; एक प्रौढ, गबाळा जर्मन प्राध्यापक शोधून काढला. स्वतः मात्र ती अविवाहितच राहिली. तिचा तो हट्ट मला अजूनही आवडतो.

शान्ता शेळक्यांनी जो आणि तिच्या तीन बहिणींची ही गोष्ट ‘चौघीजणी’ म्हणून मराठीत आणली आणि इथल्या किती मुलींच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिच्यात विरघळल्या. आमच्या वर्गात ज्या ज्या मुलीने ते पुस्तक वाचलं ती प्रत्येक मुलगी जो होती. बेथ होण्याची कोणाची छाती नव्हती, कारण बेथ मरते. एमी आगाऊ. आणि मेग? मी मेग होते असं कोणी चुकूनही म्हटलं नाही. सगळा वर्ग बंडखोर, आणि त्या सगळ्या बंडखोर मुली दोन वेण्या घालून, रिबिनी बांधून, प्रार्थनेला रांगेत उभ्या.

वास्तविक मेगइतकी आपल्यातली मुलगी दुसरी नसेल. समारंभाला जायचं म्हणून ती कपाळावरच्या बटा कुरळ्या करायला जोच्या हाती देते. जो तापलेला चिमटा लावते, जळका वास सुटतो, आणि कागदाच्या गुंडाळ्या सोडाव्यात तर बटाही त्यांच्याबरोबर हातात येतात. बंड जोचं, केस मेगचे. पुढे लग्न झाल्यावर मेग करंट नावाच्या आंबट फळांची जेली करायला घेते. नवऱ्याने हौसेने चार डझन छोट्या बरण्या मागवलेल्या. ती दिवसभर उकळते, गाळते, पुन्हा साखर घालते, पण जेली काही केल्या जमत नाही. आईकडे धावत जावं असं फार वाटतं, पण घरातल्या कुरबुरी बाहेर न्यायच्या नाहीत असं दोघांचं ठरलेलं. आणि नेमक्या त्याच संध्याकाळी नवरा पाहुणा घेऊन दारात उभा, कारण कधीही कोणालाही घेऊन या, असं तिनेच मोठ्या तोऱ्यात सांगितलेलं. कॅटनिसच्या त्या जीवघेण्या खेळाच्या रिंगणात मला एक दिवसही तग धरता येणार नाही, पण मेगच्या त्या स्वयंपाकघरात मी राहून आलेली आहे.

तेव्हापासून मी नायिकेच्या पाठीमागे उभ्या असलेल्या मुलींकडे बघायला लागले. १९३० साली सुरू झालेल्या नॅन्सी ड्रूच्या मालिकेत बेस नावाची मैत्रीण आहे. ती किंचित स्थूल आहे हे पुस्तकागणिक आठवणीने सांगितलं जातं. जणू तेवढ्यात आपण विसरलो असतो. पडक्या वाड्यात रात्री जाऊ नये, असं बेसचं मत. मला ते फार शहाणपणाचं वाटतं, पण गणना होते भित्रेपणात. ‘ट्वायलाइट’मध्ये नव्या शाळेतल्या पहिल्या दिवशी बेलाला जेवायला आपल्या टेबलाशी घेऊन जाते ती जेसिका. समोरचे ते देखणे, न जेवणारे भाऊबहीण कोण, ही माहितीही तीच पुरवते. आणि त्या वेळी बेलाला तिचं नावसुद्धा आठवत नाही. ती नुसती हसून मान डोलावत राहते. मुलीने नव्या मुलीला एकटं जेवू दिलं नाही, आणि कादंबरीने तिला बडबडी म्हणून बाजूला सारलं.

मॅजची गोष्ट याहून वाईट. मॅज ही कॅटनिसच्या गावच्या महापौराची मुलगी. शाळेत दोघी एकत्र बसतात, फारसं न बोलता एकत्र डबा खातात. कॅटनिस निरोप घेऊन मरणाच्या खेळाला निघते तेव्हा मॅजच तिच्या पोशाखावर मॉकिंगजे पक्ष्याची सोन्याची पिन लावते. पुढे हाच पक्षी साऱ्या बंडाचं चिन्ह होतो. ती पिन मॅजच्या मावशीची, आणि ती मावशी याच खेळात कोवळ्या वयात मेलेली. एवढा सगळा इतिहास एका अबोल मुलीच्या घरातून आलेला. मी भाचीला म्हटलं, ‘‘मला बाई सगळ्यांत मॅज आवडली.’’

‘‘मॅज कोण, मावशी?’’

‘‘अगं, ती पिन देते ती.’’

‘‘पिन तर बाजारातली म्हातारी देते ना?’’

भाचीचंही खरं होतं. २०१२ च्या चित्रपटात मॅज नाहीच. पुस्तकांत तरी ती कुठे उरली? तिसऱ्या भागापर्यंत गाव बॉम्बने बेचिराख झालेलं आणि महापौराच्या घरातलं कोणीही वाचलेलं नाही. भाचीने पुस्तक केव्हाच वाचलं होतं, पण सिनेमा नंतर पाहिला आणि नंतरचं आधीच्याला पुसून गेलं. ती म्हणाली, ‘‘थांब, बघते,’’ आणि उभ्या उभ्या पानं चाळत पलंगावर कधी बसली ते तिचं तिलाही कळलं नाही.

एकच लेखिका मला या बाबतीत न्यायी वाटते, ती एल. एम. मॉन्टगोमेरी. ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’ १९०८ चं. अकरा वर्षांची, लाल केसांची अ‍ॅन पहिल्याच दिवशी, तिला घरात घेणाऱ्या मरिलाला विनवते की मला कॉर्डेलिया म्हणाल का; मरिला अर्थातच म्हणत नाही. अ‍ॅन पुढे कॉलेजात जाते, पदवी घेते. तिची जिवलग मैत्रीण डायना मात्र गावातच राहते, कारण तिला पुढे शिकवायचं आईवडिलांच्या मनात नसतं. दोघींनी मिळून उंच, उदास, कवीसारखा राजपुत्र ठरवून ठेवलेला. डायना लग्न करते गावातल्या साध्यासुध्या, आडव्या बांध्याच्या फ्रेडशी, आणि सुखात असते. अ‍ॅनला याचं नवल वाटतं, लेखिकेला वाटत नाही. पुढे डायनाला मुलगी होते. तिचं नाव ती अ‍ॅन कॉर्डेलिया ठेवते. अ‍ॅनही हिशेब चुकता करते. तिच्या जुळ्या मुलींतली एक डायना.

मराठीत सोळा वर्षांच्या मुलीची कादंबरी लिहायला कोणी बसलं असेल तर त्यांना एवढंच सांगणं आहे. नायिकेला खुशाल आरशापुढे उभी करा, दोन मुलग्यांच्या मध्येही करा, वाटल्यास आईला गावाला पाठवा. मैत्रिणीला मात्र मारू नका, आणि तिचं नाव नायिकेच्या लक्षात राहू द्या.